छोटा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा आहे: आमच्या सिएनाला कोणता झेपेल?

पायवाट (डेन्व्हर परिसर, कोलोराडो)

नमस्कार मंडळी. पुढच्या उन्हाळ्याआधी एक छोटा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावा, असे आमच्या घरात ठरत आले आहे. आम्ही दोघे, अकरा आणि आठ वर्षांची दोन मुले, आणि जून-जुलैत पुण्याहून येणारे सासू-सासरे, एवढा आमचा गोतावळा. गाडी २०२२ ची टोयोटा सिएना हायब्रिड मिनिव्हॅन आहे आणि कंपनीने तिची ओढण्याची क्षमता ३,५०० पौंड दिली आहे. परवा एका डीलरकडे अठरा फुटी ट्रेलर पाहिला. मुलांसाठी दोन बंक, छोटे स्नानगृह, स्वयंपाकाचा ओटा असे सगळे त्यात होते, आणि माहितीपत्रकात कोरडे वजन २,९०० पौंड लिहिलेले होते. विक्रेत्याचे म्हणणे असे की ३,५०० मधून २,९०० गेले तरी सहाशे पौंड हाताशी उरतात, तेव्हा काळजीचे काही कारण नाही. हिशेब ऐकायला सरळ वाटतो, तरी सही करण्याआधी ज्यांनी ट्रेलर ओढला आहे त्यांचे मत हवे आहे. आमचे फिरणे बहुतांशी रॉकी पर्वतातच होणार, म्हणजे आय-७० महामार्गाचा चढ काही टळणार नाही. गाडी बदलण्याची इच्छा नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

कोयना (फिनिक्स)

विक्रेत्याचा हिशेब तूर्त बाजूला ठेवा. चालकाचे दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचा दाब लिहिलेले पांढरे-पिवळे लेबल असते आणि त्यावर प्रवासी व सामान यांचे एकत्रित वजन किती पौंडांपलीकडे जाऊ नये, ते छापलेले असते. तो आकडा इथे लिहा आणि घरातल्या सगळ्यांची वजनेही लिहा, संकोच करू नका. त्याशिवाय कोणी काही सांगितले तर तो अंदाजपंचे सल्ला होईल.

पायवाट

लेबलवर १,१२० पौंड आहे. आम्हा दोघांचे मिळून ३१५, मुलांचे मिळून १४५, सासू-सासऱ्यांचे मिळून २९०. हिच, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायची जोडणी, अजून बसवलेली नाही.

सह्यकडा (मिशिगन)

आता बोलता येईल. थोडे लांबेल, पण हे एकदा नीट समजले की डीलरकडे फसायला होत नाही.

ओढण्याची क्षमता हा आकडा खोटा नसतो. तो कोणत्या परिस्थितीतला आहे, हे मात्र माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्या आता तो एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेच्या जे२८०७ या मानकानुसार काढतात. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून, इतरांच्या आधी स्वीकारले. त्या मानकात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या ११.४ मैलांच्या चढावर, शंभर अंश फॅरनहाइट उष्म्यात, एसी पूर्ण चालू ठेवून ठरावीक वेग राखावा लागतो. चाचणी चांगली कडक आहे, पण गाडीत माणसे दोनच धरलेली असतात, आणि तीही प्रत्येकी दीडशे पौंडांची. तुमची मुले, कूलर, कपड्यांच्या बॅगा यांपैकी काहीही त्या ३,५०० मध्ये धरलेले नाही.

त्यामुळे कौटुंबिक गाड्यांत ओढण्याची क्षमता संपण्याच्या कितीतरी आधी पेलोड संपतो, आणि पेलोड म्हणजेच कोयना यांनी विचारलेला दारावरचा आकडा. ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. त्याचा पुढचा दांडा हिचच्या बॉलवर जेवढा भार टाकतो त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये हा भार भरलेल्या ट्रेलरच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. दहाच्या खाली गेला तर ट्रेलर महामार्गावर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि हे झुलणे वेगाबरोबर वाढत जाऊन शेवटी गाडीलाही सोबत फिरवते. म्हणजे टंग वेट कमी करून सुटका नाही. आणि हे सगळे टंग वेट तुमच्या गाडीच्या पेलोडमध्ये मोजले जाते, जणू तेवढ्या वजनाचा माणूस डिकीच्याही मागे बसला आहे.

तुमचा हिशेब मांडू. १,१२० मधून तुम्हा चौघांचे ४६० गेले, हिच आणि रिसीव्हर (गाडीखाली बसणारी त्याची चौकट) मिळून पन्नासच्या आसपास गेले, गाडीतले सामान कमीत कमी २०० धरा. उरले ४१०. शिवाय ३,५०० पौंडांच्या जोडणीला टंग वेटची स्वतंत्र मर्यादा असते आणि ती बहुधा ३५० असते. तुमच्या मॅन्युअलमध्ये आणि रिसीव्हरवरच्या चिठ्ठीत जो आकडा लहान असेल तो पाळायचा. तेरा टक्क्यांनी ३५० म्हणजे भरलेला ट्रेलर साधारण २,७०० पौंडांचा.

आता डीलरचा ट्रेलर. कोरडे वजन म्हणजे कारखान्यातून निघतानाचे वजन, आणि त्यात बॅटरी, गॅस, कधीकधी एसीसुद्धा धरलेला नसतो. २,९०० मध्ये बॅटरीचे पन्नास, भरलेल्या वीस पौंडी प्रोपेन सिलिंडरचे सदतीस मिळवा. पाण्याचा गॅलन ८.३४ पौंडांचा, म्हणजे वीस गॅलनची टाकी भरली की १६७. भांडी, अंथरुणे, खुर्च्या, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, शिधा यांचे चारशे धरले तर ते कंजूषपणाचे ठरेल. एकूण ३,५५० च्या पुढे, आणि टंग वेट ४६०. हा ट्रेलर तुमच्यासाठी नाही, यात चर्चेला जागाच नाही.

सासू-सासरे गाडीत बसले की मात्र वेगळेच चित्र दिसते. ४१० मधून २९० वजा केले की १२० उरतात, आणि १२० पौंड टंग वेटचा ट्रेलर म्हणजे नऊशे पौंडांची सामान वाहण्याची पेटी. सहा माणसे आणि ट्रॅव्हल ट्रेलर हे दोन्ही एका सिएनाला जमणार नाही. एक तर आजी-आजोबा दुसऱ्या गाडीतून येतील, किंवा त्यांच्यासोबतच्या सहली केबिनमध्ये राहून होतील.

ह्यूस्टनकर (टेक्सास)

वरील हिशेब बरोबर आहे, पण एवढी काटकसर करण्यापेक्षा ‘अर्ध्या टनाचा’ म्हणतात त्या वर्गातला पिकअप ट्रक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले मोठी होणार, सामान वाढणार, आणि एकदा छोटा ट्रेलर घेतला की दोन वर्षांत मोठा घ्यावासा वाटतोच. आमच्याकडे फोर्डचा एफ-१५० आहे आणि मागे ट्रेलर आहे की नाही, हे आरशात बघितल्याशिवाय कळत नाही.

सह्यकडा

ट्रक घेणे हा मार्ग आहेच, पण त्यांनी गाडी बदलायची नाही असे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले आहे. शिवाय ट्रक म्हटला की पेलोडचा प्रश्न मिटला, असेही नाही. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांच्या दारांवरचे आकडे कित्येक शे पौंडांनी वेगळे असतात, कारण चार दारांची केबिन, काचेचे छत, चामड्याच्या गाद्या, मोठी चाके यांचे वजन त्याच पेलोडमधून जाते. जाहिरातीत अकरा-बारा हजार पौंड ओढणारा आणि दारावर जेमतेम चौदाशे पेलोड असलेला ट्रक मी स्वतः पाहिला आहे. तुमच्या दारावर काय लिहिले आहे?

ह्यूस्टनकर

१,५४० निघाले. मला वाटले होते त्यापेक्षा कमी आहे. आमचा ट्रेलर सहा हजारांच्या आत असल्याने भागते, पण आता त्याचे वजन करून आणतो.

मेपलपान (ओंटारियो)

वजनाइतकाच महत्त्वाचा मुद्दा हवेचा आहे, आणि तो कोणीच काढला नाही. समोरून चौकोनी, आठ फूट रुंद ट्रेलर रिकामा असला तरी छोट्या गाडीला तो रेटावाच लागतो. हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ५५ मैलांवरून ६५ वर गेलात तर त्या कामासाठी सुमारे ६५ टक्के अधिक शक्ती लागते. फोर्ड आपल्या टोइंगच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या समोरील क्षेत्रफळाची मर्यादा चौरस फुटांत छापते, ती याचसाठी. इतर काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही ती सापडते, फक्त शोधावी लागते.

म्हणून मिनिव्हॅनमागे गोलसर फायबरग्लासचे ट्रेलर पाहावेत, असे मी सुचवेन. या जातीची सुरुवात आमच्या कॅनडात झाली: १९६८ मध्ये विनिपेगला बोलर नावाचा तेरा फुटी ट्रेलर निघाला, ज्याचे कवच वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोनच तुकडे जोडून बनत असे. आज त्याच घराण्यातले मिनेसोटातल्या बॅकसचे स्कॅम्प, टेक्सासचे कसिता आणि ब्रिटिश कोलंबियातल्या चिलिवॅकचे एस्केप मिळतात. स्कॅम्प १३ आणि १६ यांची रुंदी ६ फूट ८ इंच आहे, म्हणजे मिनिव्हॅनच्या आरशांतूनही मागचे दिसते. चौकोनी ट्रेलरच्या छतावर आणि कोपऱ्यांवर जेवढे सांधे असतात तेवढे यांना नसतात, त्यामुळे वीस-तीस वर्षांचे ट्रेलरही चांगल्या अवस्थेत सापडतात. किंमत त्यामुळेच उतरत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

पायवाट

हे फार उपयोगी आहे. आमच्या २,७०० च्या मर्यादेत चौघांना झोपता येईल असे नेमके काय बसते? टॅब ३२० दिसायला सुंदर वाटला. घडी उघडून उभारायच्या पॉप-अप ट्रेलरचाही विचार करावा का?

अबोली (मिनेसोटा)

टॅब ३२० चे कमाल भारित वजन २,९०० आहे, म्हणजे थोडे कमी भरून ओढता येईल, पण तो दोन माणसांचा ट्रेलर आहे. मुलांसाठी बाहेर तंबू लावणार असाल तरच त्याचा विचार करा. कसिता १७ मला स्वतःला सर्वांत नीटनेटका वाटतो, पण भरल्यावर तो बहुधा तीन हजारांच्या वर जातो आणि त्याचे टंग वेटही चारशेच्या घरात असते. तुमच्यासाठी नको.

पॉप-अप हा मिनिव्हॅनचा जुना सोबती आहे. बसका असल्याने हवा कमी अडवतो, वजनाला हलका, आणि उघडल्यावर सहा जण झोपतात. पण भिंती कापडाच्या असतात, आणि तुमच्या भागात अस्वलांचा प्रश्न आहे. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कात ग्रिझलींमुळे फक्त कडक भिंतींच्या वाहनांनाच प्रवेश आहे. पावसात भिजलेला पॉप-अप घरी आणून पुन्हा उघडून वाळवावा लागतो, तेही लक्षात घ्या.

आमच्याकडे टोयोटा हायलँडर व्ही६ आणि स्कॅम्प १६ आहे. हायलँडरची क्षमता ५,००० आहे, पण वजनाचे आकडे तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून देते. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. आधी ट्रेलर जोडून काट्यावर जायचे: गाडीची पुढची चाके पहिल्या फळीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. बटण उंच खांबावर, ट्रकचालकाच्या हाताला येईल असे असते, त्यामुळे गाडीतून उतरूनच ते दाबावे लागते. आतून आवाज येतो, गाडीचा क्रमांक विचारतात आणि चिठ्ठी मिळते. मग बाजूला ट्रेलर सोडायचा आणि माणसे, सामान तसेच ठेवून एकटी गाडी पुन्हा काट्यावर घ्यायची.

आमची एकटी गाडी: पुढे २,७४०, मागे २,५००, एकूण ५,२४०. ट्रेलर जोडून: पुढे २,६२०, मागे २,९६०, ट्रेलरची चाके २,४८०. म्हणजे गाडीवर ३४० वाढले, ते टंग वेट. ट्रेलरचे पूर्ण वजन २,४८० आणि ३४० मिळून २,८२०, आणि टक्केवारी बाराच्या आसपास. पुढची चाके १२० पौंडांनी हलकी झाली आणि मागची ४६० नी जड झाली, हे नीट पाहा. हिचचा बॉल मागच्या चाकांच्या बराच मागे असल्याने ३४० चा भार तिथे ४६० होऊन उतरतो आणि गाडीचे नाक उचलतो. म्हणून मागच्या अ‍ॅक्सलची स्वतंत्र मर्यादाही दारावरच्या लेबलशी ताडून पाहावी लागते.

आमच्या २,८२० मध्ये एसी आहे, पाण्याची टाकी एक तृतीयांश भरलेली होती, आणि प्रेशर कुकर, ओतीव लोखंडी तवा, दहा पौंड तांदूळ हे सगळे आले. तुम्हाला २,७०० मध्ये बसायचे तर पाणी मुक्कामी पोहोचल्यावर भरा आणि तवा घरी ठेवा. जमण्यासारखे आहे, पण अगदी काठावर.

रानवारा (बे एरिया)

ब्रेकबद्दल लिहितो, कारण सिएनाच्या बाबतीत हा खर्च आधी कोणी सांगत नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वर बंधनकारक आहे. आमच्या कॅलिफोर्नियात ती मर्यादा १,५०० आहे. कायदा काहीही म्हणो, अनेक गाड्यांचे मॅन्युअल एक हजार पौंडांच्या पुढे ब्रेक मागते, आणि तेच पाळावे. स्कॅम्पला इलेक्ट्रिक ब्रेक असतात, पण ते चालवायला गाडीत ब्रेक कंट्रोलर आणि सात पिनांचे सॉकेट लागते. मिनिव्हॅनला बहुधा चार पिनांची दिव्यांची वायरच बसवून देतात. हिच बसवतानाच सात पिनांचे काम करून घ्या, नंतर पुन्हा सगळे उघडावे लागते. कंट्रोलर प्रपोर्शनल प्रकारचा घ्या, म्हणजे गाडी जितक्या जोरात थांबते तितकाच जोर तो ट्रेलरच्या ब्रेकला देतो.

ट्रेलर कधी झुलू लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरची हाताने चालणारी कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर टांगण्याचा मोह टाळा, कारण त्या तिथे टंग वेट कमी करतात. जड सामान ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवायचे. आणि ट्रेलरसाठीचे खास (एसटी) टायर साधारणपणे ताशी ६५ मैलांसाठी असतात, वेगळा वेग टायरवर छापलेला नसेल तर. कॅलिफोर्नियात आलात तर ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ आहे, हे आमच्याकडच्या लोकांनाही ठाऊक नसते.

कोयना

डोंगराबद्दल एक गोष्ट राहिली. टर्बो नसलेले इंजिन समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के शक्ती गमावते. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे तिथे इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गेलेली असणार. हायब्रिडची बॅटरी छोटी असते, लांब चढावर ती मदत करून संपते आणि मग सगळे ओझे इंजिनावर येते. उजव्या मार्गिकेत ट्रकांच्या मागून, चाळिशीच्या वेगाने जाण्याची मनाची तयारी ठेवा. गाडीला त्यात काही अपाय नाही. मला काळजी उताराची अधिक वाटते. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्के उतार आहे आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी मुद्दाम रॅम्प बांधलेले आहेत. वर असतानाच वेग कमी करून गिअर खाली घ्या, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडा, सतत घासत ठेवू नका.

विजेवर (सिअॅटल)

थोडे अवांतर: आमच्याकडे टेस्लाची विजेवर चालणारी मॉडेल वाय आहे, तिचीही क्षमता ३,५०० आहे. तिच्यामागे असा ट्रेलर चालेल का?

मेपलपान

ओढेल आनंदाने, पण पल्ला साधारण निम्म्यावर येईल. बहुतेक चार्जरपाशी ट्रेलर सोडून उभे राहावे लागेल, तेव्हा मुक्काम जवळजवळचे ठेवा. पेलोडचा हिशेब तोच.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. डीलरला नाही कळवले. नेब्रास्कात एक २००४ चा स्कॅम्प १६ विकायला आहे. प्रत्यक्ष पाहायला जाताना काय तपासावे?

अबोली

पुढच्या बाजूला स्नानगृह आहे की मुलांचा सोफा-बंक आहे, हे आधी फोटोत पाहा. स्कॅम्पमध्ये दोन्ही मांडण्या येतात, आणि तुम्हा चौघांना बंकच लागणार. आत गेल्यावर कपाटाखालचा गालिचा उचलून जमीन अंगठ्याने दाबा, विशेषतः मागच्या कडेला. कवच फायबरग्लासचे असले तरी जमीन राळ लावलेल्या लाकडी फळीची असते आणि ती कुजू शकते. कपाटे कवचाला रिव्हेटने टांगलेली असतात. बाहेरून रिव्हेटच्या टोप्या निघालेल्या असतील तर तिथूनच पाणी आत येते. रिव्हेट बदलणे स्वस्त आहे, जमीन बदलणे नाही. टायर कितीही नवे दिसोत, बाजूवर छापलेल्या चार आकड्यांतून उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचा.

सह्यकडा

आणि अ‍ॅक्सल. त्यात धक्के झेलायला पिळले जाणारे रबर (टॉर्शन) असते, साधारण वीस-पंचवीस वर्षांत ते रबर बसते. चाकाचा दांडा जमिनीकडे कललेला हवा. ट्रेलर रिकामा असतानाही तो आडवा किंवा वर वळलेला दिसला, तर नव्या अ‍ॅक्सलची किंमत वजा करूनच बोला.

पायवाट

विक्रेत्याशी फोनवर बोलले. समोर स्नानगृह नाही, बंक आहे. टायर २०१६ चे आहेत, म्हणजे ते बदलावेच लागतील. ट्रेलर सामानासकट कॅट स्केलवर आणायला तो तयार झाला आहे, काट्याचे पैसे मी द्यायचे. टंग वेट ३५० च्या वर निघाले तर व्यवहार होणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवले आहे.